कॉनन अजून पहिलीतच आहे, माझी मुलगी चौथीत गेली

मानेवाड्याची_शिलाई:

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटाच आहे, पण तो का पडला हे सांगितल्याशिवाय विचारता येत नाही. म्हणून जरा लांबेल.

मी नागपूरला मानेवाड्यात राहते. घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. 'डिटेक्टिव्ह कॉनन' हे जपानी कार्टून पहिल्यांदा पाहिलं ते २००९ मध्ये, मामेभावाच्या कॉम्प्युटरवर. तो हॉस्टेलमधून सुट्टीत आला की पेन ड्राइव्ह भरून आणायचा. शंभर-दीडशे भाग पाहून झाले, मग माझं लग्न ठरलं आणि ते तिथेच राहिलं.

२०२१ मध्ये शाळा बंद होत्या. मुलगी पाच वर्षांची, दिवसभर घरात कोंडलेली. एका रात्री मोबाइलवर तिला पहिला भाग लावून दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सबटायटल मी वाचायची. खाली इंग्रजी ओळ आली की मनातल्या मनात तिची मराठी करायची आणि मोठ्याने म्हणायची. रानला एक आवाज, आगासा आजोबांना एक, मोरी काकांना, म्हणजे रानच्या गुप्तहेर वडिलांना, घोगरा. त्या काकांना कॉनन घड्याळातली सुई मारून झोपवतो आणि त्यांच्याच आवाजात खुनी कोण ते सांगतो, म्हणून आमच्या घरी त्यांचं नाव 'झोपाळू काका' पडलं. तेव्हापासून जेवणं आटोपली की एक भाग. या वेळात माझ्या हातात सुई नसते. फॉल लावायचा तर डोळे साडीच्या काठावर पाहिजेत, सबटायटल वाचायचे तर डोळे स्क्रीनवर. लग्नसराईत हा अर्धा तास मला महाग पडतो, तरी मी तो कधी सोडला नाही.

जून २०२२ मध्ये ती पहिलीत गेली. शाळेतून आल्या आल्या म्हणाली, "आई, आता मी अन् कॉनन एकाच वर्गात." तिला त्याच्यासारखा लाल बो पाहिजे होता. लाल साटीनचा एक तुकडा उरला होता, त्याचा शिवून दिला. मध्ये चुण्या घेऊन गाठ बसवली, मागे पांढरं इलास्टिक, गळ्याचं माप साडेदहा इंच. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला ती कॉननच झाली होती: लाल बो, आजोबांच्या जुन्या चष्म्याची बिनकाचेची फ्रेम, आणि हातात लाकडाच्या बैलाची दोरी. त्या इलास्टिकला मी आतापर्यंत दोनदा जोड दिला आहे. साटीनचा रंग थोडा उतरला, बो तोच. या जूनमध्ये ती चौथीत गेली आणि कॉनन पहिलीतच बसला आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. शिनिची कुदो हा सतरा वर्षांचा हुशार मुलगा, पोलिसांना गुन्हे सोडवून देणारा. पहिल्याच भागात तो मैत्रिणीबरोबर, रानबरोबर, ट्रॉपिकल लँड नावाच्या मोठ्या बागेत जातो. तिथे काळ्या कपड्यांतली माणसं त्याला मागून मारतात आणि विष देतात. तो मरत नाही, लहान मुलगा होऊन उठतो. कॉनन असं नाव घेतो, पहिलीत बसतो, रानच्याच घरी राहतो आणि तिलाच आपण कोण ते सांगू शकत नाही. ती तिकडे शिनिचीची वाट पाहत असते. म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी आपल्याला तीन गोष्टी कबूल केल्या: ही काळी माणसं कोण ते कळेल, हा परत मोठा होईल, आणि रानला खरं कळेल.

आओयामा गोशो यांनी ही गोष्ट १९९४ मध्ये साप्ताहिकात लिहायला घेतली. टीव्हीवर ती ८ जानेवारी १९९६ ला सुरू झाली. तेव्हा मी स्वतः दुसरीत होती! मार्च २०२१ मध्ये हजारावा भाग झाला, त्याच वर्षी पुस्तकाचा शंभरावा खंड आला. गोष्टीच्या आत मात्र एक शाळेचं वर्षसुद्धा पुरं झालेलं नाही. सुरुवातीच्या भागांत कॉनन रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यात शिरून रानला शिनिचीच्या आवाजात फोन करतो. मुलगी विचारायची, "आई, तो डब्यात काहून उभा आहे?" मग मी तिला आमच्या गल्लीतल्या पिवळ्या एसटीडी-पीसीओची गोष्ट सांगितली, आत पंखा नसायचा, मीटरवर लाल आकडे पळायचे. पुढे पुढे त्यांच्या हातात घडीचे मोबाइल आले, आता स्मार्टफोन आहेत. जगाने एवढं अंतर कापलं आणि ही मुलं त्याच बाकावर.

आम्ही आता सहाशे भागांच्या पुढे आहोत. त्यातले काळ्या माणसांचे भाग किती? पन्नास-साठ भाग नुसते खून, कुलूप लावलेली खोली, दोरा, बर्फ, विषारी कप. मग एक भाग येतो ज्यात कोणीतरी एक नाव उच्चारतं आणि गाडी निघून जाते. आम्ही दोघी सरसावून बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलांची सहल, पुन्हा खून. त्यात मधलेच काही भाग आमच्या ॲपवर नाहीत, ते वेगळंच.

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री भाग संपला आणि तिने विचारलं, "आई, तू तर मोठी आहेस, तुला शेवट माहीत असेल ना? सांग ना, तो मोठा होते का?" मी म्हटलं, बेटा, शेवट अजून आलाच नाही. तिला वाटलं मी लपवून राहिली. खरंच आला नाही म्हटल्यावर गप्प झाली. मग म्हणाली, "मग आपण कशाची वाट पाहून राहिलो?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री झोप आली नाही म्हणा ना.

आता कोणी म्हणेल डोरेमॉन पण तर संपत नाही, शिनचॅन पण संपत नाही. डोरेमॉनचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, शिनचॅनचे योशितो उसुई २००९ मध्ये डोंगरावरून पडून गेले, आणि दोन्ही टीव्हीवर चालूच आहेत. पण नोबिता मोठा कधी होणार असं माझ्या मुलीने एकदाही विचारलं नाही. त्या गोष्टीने तसं काही कबूलच केलेलं नाही. रोज नवं यंत्र, रोज नवी फजिती, संध्याकाळी सगळे घरी. ती हजार वर्षं चालली तरी माझी तक्रार नाही. कॉननने पहिल्या दिवशी शब्द दिला आहे. माझ्या सासूबाई श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी वाचतात, शेवटी "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणतात आणि मगच हातातले तांदूळ वाहायचे. मुलगी मुठीत तांदूळ धरून त्या एका वाक्याची वाट पाहत असते. गोष्ट सांगणाऱ्याकडे असतं ते वाक्य. ते देणं असतं त्याच्याकडे.

तर प्रश्न असा. तुमच्यापैकी कोणी अशी मालिका मध्येच, ठरवून थांबवली आहे का? कुठे थांबवली? आणि नऊ वर्षांच्या मुलीला काय सांगितलं असतं? "बंद करा, अभ्यासाला लावा" हे कृपया सांगू नका, तिचा अभ्यास चांगला आहे.


हिंगणा_ते_ग्रँडलाइन:

ताई, बो-टायच्या इलास्टिकचं वाचून मी थांबलोच. तुमच्या पोरीला माझा नमस्कार सांगा.

मी 'वन पीस'वाला, लफ्फी नावाच्या समुद्री चाच्याची ती गोष्ट. २०११ मध्ये सुरू केलं, तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आता हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी आहे, लग्न झालं, पोरगा झाला, अन् लफ्फी अजून समुद्रातच आहे. कॉमिक जुलै १९९७ पासून, टीव्हीवर २० ऑक्टोबर १९९९ पासून. त्याचे लेखक ओदांनी सुरुवातीला पाचेक वर्षांत संपवायचं ठरवलं होतं. जुलै २०२२ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला म्हणून जाहीर केलं, तेव्हा आम्ही मित्रांनी सदरला पार्टी केली होती. तो शेवटचा टप्पा आजही चालूच आहे.

पण काहून असं होते ते सांगतो, कारण मी पण पहिले लेखकावरच चिडत होतो. लेखक आठवड्याला वीस पानंसुद्धा काढत नाही, एका माणसाच्या हाताने तेवढीच निघतात. टीव्हीवाल्याला मात्र दर आठवड्याला तीच वेळ भरायची असते, बाराही महिने. मग टीव्ही कॉमिकच्या मागे येऊन धडकते. तिथे दोनच रस्ते. एक, मधात स्वतःच्या मनाच्या गोष्टी भरायच्या. 'नारुतो' मालिकेत भाग १३६ पासून २२० पर्यंत जवळपास सगळा असाच भरणा आहे, पंच्याऐंशी भाग. आमच्या हॉस्टेलमध्ये अर्धे पोट्टे तिथेच गळले. दुसरा रस्ता वन पीसने धरला, ताणायचं. त्यातली ड्रेसरोझा बेटावरची गोष्ट कॉमिकमध्ये १०२ प्रकरणांची आहे, टीव्हीवर ११८ भागांची. म्हणजे एका भागाला एक पुरं प्रकरण पण नाही. सुरुवातीला गाणं, मग मागच्या वेळचं पुन्हा, मग एक जण धावून राहिला, तिकडचे दहा जण त्याच्याकडे पाहून राहिले, एकेकाचा चेहरा, घाम, पुन्हा तो धावूनच राहिला. मी दिवसभर लेथवर उभा राहून घरी येतो अन् वीस मिनिटांत माझ्या हाती एक बुक्का पण लागत नाही. राग येते ताई, लय राग येते.

आता ऐकलं की २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग काढणार, मध्ये सुट्टी घेऊन. हे वीस वर्षं आधी करायला पाहिजे होतं.

तरी तुमच्याशी मी पुरता सहमत नाही. लांब असणं मला चालते. मला भीती वेगळ्या गोष्टीची आहे. केंतारो मिउरा १९८९ पासून 'बर्सर्क' ही एकच कॉमिकची गोष्ट काढत होते, मे २०२१ मध्ये ५४ व्या वर्षी गेले. गोष्ट अर्धीच. त्यांनी एका मित्राला, कोजी मोरींना, शेवट सांगून ठेवला होता, म्हणून पुढच्या वर्षी मोरींच्या देखरेखीत ते पुन्हा सुरू झालं, अन् आता मिउरांच्या स्टुडिओतले लोक काढतात. (ती गोष्ट पोरीला दाखवायची नाही, मोठ्यांचीच आहे.) ती बातमी आली त्या दिवशी मला पहिला विचार ओदांचा आला. हे बरोबर नाही, पण आला. ज्याने मला चौदा वर्षं सोबत केली त्या माणसाच्या तब्येतीचा हिशेब मी माझ्या गोष्टीसाठी करून राहिलो होतो. तेव्हापासून मी त्यांना सुट्ट्या घेतल्या म्हणून कधीच बोललो नाही. आओयामांनी पण २०१७ च्या शेवटी तब्येतीसाठी काही महिने सुट्टी घेतली होती, पहा.


मानेवाड्याची_शिलाई:

दादा, लेखकाच्या हाताचं पटलं. माझंही काम हाताचंच आहे, दिवसाला किती ब्लाउज निघतात ते मला माहीत आहे. आओयामांवर माझा राग नाही, माणूस म्हणून तर नाहीच. पण मी गिऱ्हाइकाला तारीख देते. हळदीची साडी हळदीच्या आदल्या दिवशी हातात पाहिजे, मग मला रात्री दोन वाजोत. लग्न झाल्यावर किती सुंदर शिवून दिलं तरी ती घालणार कधी? माझ्या मुलीचं कॉनन पाहण्याचं वय आहे, ते दोन-तीन वर्षांत निघून जाईल. शेवट ती वीस वर्षांची झाल्यावर आला तर मला तिला बोलवायला लागेल, ये बाई, पाहा, तुझा कॉनन मोठा झाला. आणि ती फोनवर "हो आई" म्हणेल.


वडशाचा_अजनीत:

नमस्कार ताई. मी ही जपानी कार्टून पाहत नाही, माझा मुलगा पाहतो, त्याने मला हे वाचायला दिलं. मी वडशाचा. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यातला. वीस वर्षं झाली अजनीत राहतो, पण दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, लागली की गावी जातोच, नाटकासाठी.

तुमच्या नागपूरकरांना कदाचित कल्पना नसेल, आमच्याकडचं नाटक रात्री नऊ-दहाला उभं राहतं ते पहाटेपर्यंत. मंडपात हजारो लोक, बाया डोक्यावरून घोंगडी घेऊन, लेकरं मांडीवर झोपलेली. नाटक लांबच असतं. मध्ये गाणी, मध्ये विनोदी पात्र येऊन अर्धा-अर्धा तास खाऊन जातं, नाटकाशी त्याचा काही संबंध नसतो. लोकांना ते पाहिजेच असतं. म्हणजे तुम्ही ज्याला भरणा म्हणता तो आमच्याकडे मागून घेतात. २०२३ मध्ये आमच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, त्यांनी जन्मभर हेच केलं, रात्रभर लोकांना जागं ठेवलं.

पण एक आहे. पहाट व्हायच्या आत नाटक संपतं. संपावंच लागतं. लोकांना बैलबंडी जोडायची असते, धान कापणीला जायचं असतं, नटांना दुसऱ्या गावचा मंडप गाठायचा असतो. तिसऱ्या अंकात नट कितीही रंगला असला तरी पेटीवाल्याचं लक्ष पूर्वेकडे. मी लहान असताना पाहिलेलं एक नाटक आठवतं, हरवलेला भाऊ शेवटच्या प्रवेशात परत येतो. तो आला आणि बाजूच्या शेतात कोंबडं आरवलं. माझी आई रडत रडत उठली, मला कडेवर घेतलं आणि तशीच चालत घरी आली, घरी येऊन चूल पेटवली. त्या दिवसभर ती वेगळीच होती. मला त्या वयात ते नाटक कळलं नाही, पण आईचा चेहरा आठवतो.

तुमच्या जपानी टीव्हीला तांबडं फुटत नाही, असं मला वाटतं. कापूस नाही, धान नाही, दुसऱ्या गावचा मंडप नाही. दर शनिवारी मंडपात लोक आहेतच, मग पडदा कोण पाडणार? आमची आजी कापूसकोंड्याची गोष्ट सांगायची. "सांगू का?" म्हणायची, आपण हो म्हटलं की "हो काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?" आपण नाही म्हटलं तरी तेच. शेवटी आम्ही चिडून झोपायचो. तिचं काम त्यातच होतं, आम्हाला झोपवणं. पण दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट सांगायची बरं का, राजा-राणीची, पुरी. रोज कापूसकोंडा सांगितला असता तर आम्ही तिच्याजवळ गेलो नसतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मुलीला एकदा मंडईत घेऊन या.


रूम_१०४:

काकू, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉनन मी पूर्ण पाहिलं आहे, म्हणजे जेवढं आलं तेवढं. मी नेमकं सांगते, कारण थांबायला जागा आहे.

आधी मागे पाहा. तुम्ही १२९ वा भाग पाहिला असेल, काळ्या माणसांतून पळालेली हायबारा येते तो. ३४५ वा, पौर्णिमेच्या रात्रीचा, बंदरावरचा. ४९१ ते ५०४ ही सलग लढाई. (आकडे जपानी मोजणीचे आहेत, काही ॲपवर क्रमांक वेगळे दिसतात.) ३४५ ला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हे एवढ्यावर संपलं असतं तरी मी तृप्त होते. म्हणजे शब्द पाळणं अगदीच नाही असं नाही, थोडं थोडं देतात. पण मुख्य कर्ज तसंच, हे तुमचं खरं.

आता पुढचं. काळ्या माणसांचा शेवट आलेला नाही, कॉनन कायमचा मोठा झालेला नाही. पण तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या त्यांच्या पोटात एक चौथी आहे: रान वाट पाहते. ती मात्र पुरी होते. ६१६ ते ६२१ लंडनचे भाग आहेत, तुम्ही तिथेच कुठेतरी पोचला असाल. शिनिची बिग बेनसमोर तिला मनातलं सांगतो. आणि ९२७-९२८ मध्ये शाळेची सहल क्योटोला जाते, तिथे रान उत्तर देते. टीव्हीवर हे दोन भाग जानेवारी २०१९ मध्ये आले. मनातलं २०११ मध्ये सांगितलं, उत्तराला आठ वर्षं! पण आलं. आणि छान आलं. मी तुमच्या जागी असते तर तिथे थांबले असते. मधले तीनशे पाहायची गरज नाही, त्यातले मुख्य धाग्याचे तीस-चाळीस मी तुम्हाला काढून देते, कागदावर लिहून रोज एकेक खोडा.

मी स्वतः अशी थांबले आहे, म्हणून सांगते. 'ब्लीच' नावाची मालिका ३६६ भागांवर २०१२ मध्ये बंद पडली तेव्हा मी फार लहान होते, पुढे दादामुळे पाहिलं. कॉमिक २०१६ मध्ये घाईघाईत गुंडाळलं, वाचताना पानं अक्षरशः पळतात. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, टीव्हीवर पुन्हा सुरू झालं तेव्हा दादा ऑफिसमधून सुट्टी टाकून बसला. मी नाही बसले. माझा शेवट मी ३१० च्या आसपास, त्यातल्या ऐझेन या खलनायकाची लढाई संपते तिथे, आधीच केला होता. आजही मला तो बरोबर वाटतो. दादाशी यावरून भांडण होतं.

आणि एक. मुलगी चौथीत आहे ना? मग 'कार्डकॅप्टर साकुरा' दाखवा. त्यातली साकुरा पण चौथीत आहे. ७० भाग, १९९८ ते २०००. पहिल्या भागात तिच्या हातून जादूची पानं उडून जातात, ती सगळी परत गोळा करायची हा शब्द, आणि ती गोळा होतात, एकेक, मोजून. मधात ती पाचवीत पण जाते. पुढे खूप वर्षांनी, २०१८ मध्ये, पुढचा भाग काढला, तो नाही पाहिला तरी चालतं, पहिला आपल्या जागी पुरा आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ६४ भागांत इतकं नीट संपतं की काही सुटत नाही, पण त्यातली एक गोष्ट लहान मुलीसाठी फार भयंकर आहे, ती तेरा-चौदाची झाली की दाखवा. तुम्ही एकट्या मात्र आत्ताच पाहा.


हिंगणा_ते_ग्रँडलाइन:

१०४, ऐझेननंतर थांबणं म्हणजे अन्याय आहे, पण ते दुसरीकडे बोलू. साकुराचं बरोबर सांगितलं. ताई, ती यादी आली की इथे पण टाका, मला माझ्या भाचीला द्यायची आहे.


मानेवाड्याची_शिलाई:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, लग्नसराईने मान वर करू दिली नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. वडशाच्या दादा, तुमच्या आईचं चूल पेटवणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पवनीच्या. म्हणाल्या, "असंच होतं." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१०४, तुझी यादी मी फ्रिजवर लावली. ३८ भाग निघाले. मुलीला सगळं खरं सांगितलं: शेवट आलेला नाही, कधी येईल ते मला माहीत नाही, पण रानची वाट पाहणं कुठे संपतं ते माहीत आहे, आपण तिथपर्यंत जाऊ. तिने विचारलं, "अन् मग?" मी म्हटलं, मग तू ठरव. तिने विचार केला आणि म्हणाली, क्योटोचे दोन भाग वार्षिक परीक्षा संपली की त्याच रात्री पाहायचे, आधी नाही. कॅलेंडरवर एप्रिलचं पान उलटून तिथे लाल पेनाने छोटा बो काढून ठेवला आहे. म्हणजे आता आमच्याकडे तारीख आहे.

लंडनचे भाग या आठवड्यात झाले. त्याचंच सांगायला आले खरं तर. दुसऱ्या दिवशी एका नवरीच्या आईला नऊवारी द्यायची होती, फॉल लावून द्यायचा कबूल केला होता, आणि मी मुलीला म्हटलं आज भाग नाही होणार गं, उद्या पाहू. ती म्हणाली, "तू फॉल लाव. मी वाचते."

मी म्हटलं, इंग्रजी आहे. म्हणाली, "मला येते."

मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, मी खाली साडी पसरून बसली. ओळ यायची आणि तिचं वाचून व्हायच्या आत निघून जायची, म्हणून प्रत्येक ओळीला बोटाने थांबवायची. आधी इंग्रजी अक्षर जोडून वाचायची, मग मराठीत सांगायची. अडलं की "आई, डि-डक्शन म्हणजे?" मी सुई न थांबवता सांगायची. वीस मिनिटांचा भाग पाऊण तास चालला. आवाजही काढत होती, झोपाळू काकांचा घोगरा माझ्यासारखाच, आणि रानचा तिचा स्वतःचा, माझ्यापेक्षा हळू. बिग बेनपाशी शिनिची बोलायला लागला तेव्हा तिने ओळ थांबवली, एकदा मनात वाचली, आणि मला म्हणाली, "आई, हे मी नाही सांगत, तू वर पाहा."

मी वर पाहिलं. फॉल सव्वादोन मीटर लागून झाला होता.